स्टॉलवर उभं राहणं म्हणजे फुकटात रेस? (उडाणटप्पू यांना उत्तर)

टायरबदलू: कालच्या धाग्यात उडाणटप्पूंनी लिहिलंय, "मोठ्या रेसला स्पॉन्सरच्या स्टॉलवर काम मिळालं तर डोळे झाकून घ्या. रेस फुकट, टी-शर्ट फुकट, वर पैसे." तिथं उत्तर मावेना म्हणून वेगळा धागा.

२०११. बुद्ध सर्किट, ग्रेटर नोएडा, आपली पहिली फॉर्म्युला वन ग्रां प्री. एजन्सीनं पुण्यातून आम्हा नऊ जणांना नेलं. स्टॉलवर टायर बदलायचा खेळ होता. गनने नट काढा, चाक उतरवा, दुसरं चढवा, वेळेत जमलं तर टोपी. लोक एकदा खेळून जात, चाक परत जागेवर आणायला मी. तीन दिवसांत उजवा खांदा कामातून गेला. पास स्टॉलच्या पट्ट्यापुरता, ग्रँडस्टँडच्या जिन्याकडे वळलं तरी गार्ड हटकायचा. शुक्रवारी सरावात एक कुत्रा ट्रॅकवर शिरला होता, आठवतंय? त्यानं माझ्यापेक्षा जास्त ट्रॅक पाहिला.

रविवारी तीनला रेस सुटली, पट्टा ओस पडला आणि सुपरवायझर म्हणाला, "आता टोप्या मोज." साठ लॅप मी टोप्या मोजल्या. रेड बुल टीमचा व्हेटेल जिंकल्याचं पाणीवाल्या पोराकडून कळलं. पैसे फेब्रुवारीत आले, तेही 'हरवलेल्या' अकरा टोप्या कापून.

उडाणटप्पू: नाव घेतलंत म्हणून लिहितो. मी २०१३ला तिथंच स्टॉलवर होतो. व्हेटेलनं चौथं विजेतेपद घेतलं, मेन स्ट्रेटवर गाडी गरागरा फिरवली, टीमला २५ हजार युरो दंड झाला. जाळीला नाक लावून पाहिलंय मी! सुपरवायझरला दोन दिवस चहा पाजला होता. तुम्हाला माणसं सांभाळता आली नाहीत, त्याला स्पॉन्सर काय करणार?

फटकळ_नाशिककर: म्हणजे तुम्ही जाळीला आणि तुमच्या वाटचं काम दुसऱ्याच्या गळ्यात. हे अभिमानानं सांगताय!

व्हीएट_भक्त: भांडा खुशाल, पण दोघंही नशीबवान. २.४ लिटरचं व्ही८ इंजिन, मिनिटाला १८,००० फेरे. छातीत घुमायचं ते. २०१४ला व्ही६ टर्बो आले आणि सगळा मिक्सर झाला.

टायरबदलू: छातीत कसलं, कानात घुमायचं. आम्हाला इअरप्लगसुद्धा दिले नव्हते. मंगळवारपर्यंत आई काय बोलतेय ते ऐकू येत नव्हतं.

किर्लोस्करवाडी: आवाज म्हणजे वाया गेलेली ऊर्जा. मर्सिडीजनं २०१७ला टेस्ट बेंचवर त्याच 'मिक्सर'ची कार्यक्षमता पन्नास टक्क्यांवर नेली. तुमच्या व्ही८ला स्वप्नातही जमलं नसतं.

व्हीएट_भक्त: कार्यक्षमता बघायला कोण तिकीट काढतं हो? उद्या गाण्याच्या मैफलीत तबलजीच्या कॅलरी मोजाल.

फटकळ_नाशिककर: इथं मी व्हीएटच्या बाजूनं. आमच्या काकांची आरएक्स १०० गल्लीच्या तोंडाशी आली की काकू चहा टाकायच्या. आता इलेक्ट्रिक स्कूटर घेतलीय, काका दारात उभे राहतात आणि कुणाला पत्ता नसतो.

किर्लोस्करवाडी: त्याच आरएक्सच्या धुरानं आमच्या गल्लीत कपडे वाळत घालता यायचे नाहीत. ते नाही आठवणार कुणाला.

व्हीएट_भक्त: दोरी लांब बांधायची होती.

किर्लोस्करवाडी: ही तुमची पातळी. मी थांबतो.

टायरबदलू: थांबाच. माझा धागा मजुरीचा होता, त्यात काकांची गाडी घुसली. उडाणटप्पू, गप्प का? तुमच्या स्टॉलवर त्या वेळी टोप्या कोण मोजत होतं?

उडाणटप्पू: होता एक नांदेडचा पोरगा. बिचारा. बरं, 'रेस फुकट' मागे घेतो, झालं समाधान? टी-शर्ट तरी फुकट होता ना!

टायरबदलू: आमचा परत घेतला. धुऊन आणायला सांगून.