सोलापूर ते आंबोली, भर पावसात, आईला घेऊन. जमेल का?

होटगीरोडकर:
श्रावणात तीन दिवस जोडून सुट्टी मिळालीय. बायको, दोन पोरं आणि आई. आई ७२ची, गुडघे धरलेले. आपल्याकडं आभाळ भरून येतंय अन् नुसतं वारं सुटतंय, म्हणून पोरांना एकदा खरा पाऊस दाखवायचाय. गाडी छोटी, जुनी. घाटात मी कधीच चालवली नाही, तीच धास्ती आहे. कुठून जाऊ, कुठं थांबू?

चादरवाला:
बारा वर्षं झाली, चादरी-टॉवेलचा माल घेऊन सावंतवाडीला जातोय. पहिलं हे ऐका, घाटाची भीती वाटत असेल तर घाटात उतरूच नका की! आंबोली गाव घाटमाथ्यावर आहे, आपण वरूनच पोचतो. घाट सुरू होतो गावाच्या पुढं, सावंतवाडीकडं उतरताना. मोठा धबधबा त्या उतारावर आहे, तेवढा रिक्षा करून बघून या. आणि रविवारी तर नकोच. माणसांची डोकी बघायला इतक्या लांब कशाला जायचं?

पहाटे पाचला निघा. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग कागल, निपाणी, उत्तूर, आजरा. मंगळवेढ्यात ज्वारीची काळी रानं अजून मोकळी पडलेली दिसतील. तीच पोरं आजऱ्यात भाताच्या खाचरात पाणी बघून खिडकीला चिकटतात. परतताना आजऱ्याचा घनसाळ तांदूळ घ्या, शिजताना शेजारी विचारायला येतो.

आंबोलीच्या अलीकडं नांगरतास, अगदी रस्त्याला लागून. अरुंद घळीत पाणी कोसळतं, आईंना फार चालायला नको. कावळेसादला वाऱ्यानं पाणी उलटं वर येतं, तिथं पोरांचा हात सोडू नका.

आता माझा येडेपणा. दुसऱ्याच वर्षी घाटात असलं धुकं, की समोरच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसत होता. त्यात काच आतून धुरकटली. पुसायला गिऱ्हाइकाच्या गठ्ठ्यातले तीन नवे टॉवेल काढले. पुसलं की परत तेच. खाली चहाच्या टपरीवर एका एसटी ड्रायव्हरनं विचारलं, "एसी हाय न्हवं गाडीला? मग काचेवर सोड की." पावसात एसी! पण दोन मिनिटांत काच लख्ख. त्या टॉवेलांचे पैसे मलाच भरावे लागले. धुक्यात लाईट लो बीमवरच ठेवा, हाय बीम मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते.

पंचगंगाकाठचा:
रस्ता बरोबर सांगितलाय. फक्त निघायच्या आदल्या रात्री कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघा. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९ला शिरोलीजवळ हायवेवरच पाणी होतं, गाड्या दिवसेंदिवस अडकल्या. ३९च्या पुढं गेलं तर बेत पुढं ढकला. आंबोली कुठं पळून जात नाही.

होटगीरोडकर:
काका, हिरण्यकेशीचं देऊळ आईला झेपेल का? तिला तेच बघायचंय.

चादरवाला:
थोडं चालावं लागेल, काठी असू द्या, फरशी बुळबुळीत असते. गुहेतून पाणी येतं ते देवळापुढच्या कुंडात. तिथं एक इटुकला मासा आहे, २०२०मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला नवीन जात म्हणून नाव दिलं, शिस्टुरा हिरण्यकेशी. पोरांना दाखवा, पण पाण्यात हात घालू देऊ नका. आणि आईंना सांगा, इथून निघणारी हिरण्यकेशी नदी घटप्रभेतून कृष्णेला मिळते, आपली भीमा पण शेवटी तिकडंच जाते.

होटगीरोडकर:
जाऊन आलो! पातळी ३१ होती. काच धुरकटली, एसी सोडला, आई म्हणाली "गारठून मारतोस का रे?" शेवटी तुमच्याच धंद्यातली चादर पांघरून बसली. कुंडापाशी वाकून बराच वेळ बघत होती. मासा दिसला म्हणते. आम्हाला कुणालाच दिसला नाही.