शब्दचर्चा: ‘आंशिक अवकलज’ यात अंश कशाचा?

बेळगाव जिल्ह्यातल्या येळ्ळूरहून प्रश्न:

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात होते, पीयूसी (अकरावी-बारावी) इंग्रजीतून केलं आणि आता इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. गणितात सध्या एकापेक्षा जास्त चलांचं कॅल्क्युलस चालू आहे. आमच्या वर्गात फळ्यावर इंग्रजी असतं, समजावणं कन्नडमध्ये होतं आणि मागच्या दोन बाकांवर आमची मराठीत कुजबुज चालते. तिन्हीतून मिळून जे डोक्यात शिरतं तेच माझं गणित.

अडलंय ते एका शब्दावर. ‘पार्शल’ हा शब्द मला शाळेपासून एकाच अर्थानं ठाऊक होता: ‘बाई पार्शलिटी करतात.’ त्यामुळं पार्शल डेरिव्हेटिव्ह पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते पक्षपाती डेरिव्हेटिव्ह वाटलं. सरांनी कन्नडमध्ये ‘भागशः’ म्हणून सांगितलं. घरी मराठी शब्द शोधला तर ‘आंशिक अवकलज’ मिळाला. अवकलज म्हणजे एक राशी बदलली की तिच्यावर अवलंबून असलेली दुसरी (म्हणजे फलन) किती दरानं बदलते ते. अंश म्हणजे भाग. पण कशाचा? समजा फलन आहे क्षचा वर्ग गुणिले य. क्षच्या बाजूनं उत्तर येतं २ क्ष य, यच्या बाजूनं येतं क्षचा वर्ग. दोन्ही उत्तरं पुरी आहेत, यात अर्धवट काहीच दिसत नाही. गणित सुटतं, मार्कही पडतात, पण शब्द गळी उतरत नाही.

टिळकवाडीहून:

ताई, पक्षपाती हा अर्थ अगदीच टाकाऊ नाही. एका चलाला फिरायची मोकळीक द्यायची आणि बाकीच्यांना जागेवर बसवायचं, हा पक्षपात नाही तर काय? मी शिकवणीत मुलांना सांगतो, ‘क्षला सोडा, यला जैसे थे ठेवा.’ ‘जैसे थे’ हा कोर्टकचेरीचा शब्द आपल्या सीमाभागात शेंबड्या पोरालाही कळतो, समजावून सांगावा लागत नाही. मला विचाराल तर ‘एकांगी अवकलज’ हे नाव चाललं असतं.

निपाणीहून:

एकांगी नको बगा. एकांगी विचार, एकांगी बातमी, हा शब्द नावं ठेवायलाच वापरतात. आणि मुळात एवढी मारामारी कशासाठी? पार्शल म्हणा नि मोकळं व्हा. अवकलज म्हटलं की निम्मा वर्ग तिथंच गार. कुणी विकलन म्हणतं. विकल म्हणजे गलितगात्र, म्हणजे गणित सुरू व्हायच्या आधीच विद्यार्थी आडवा. मी स्वतः डिप्लोमावाला. कॅल्क्युलस हा शब्द परत भेटला तो एकदम सोनोग्राफीच्या रिपोर्टात. डॉक्टर म्हणाले मुतखडा हाय. मी म्हटलं, हे परीक्षेत सुटलं नव्हतं, आता पोटात आलं.

खानापूरहून, निवृत्त शिक्षक:

निपाणीकरांच्या मुतखड्यापासूनच सुरू करतो, कारण तो विषयाला धरून आहे. लॅटिनमध्ये कॅल्क्युलस म्हणजे लहानसा खडा. खडे मांडून हिशोब करायचे, म्हणून हिशोबाच्या शास्त्राला ते नाव पडलं. आपला ‘कलन’ हा शब्दही मोजण्याच्या धातूवरून आला आहे. आकलन, संकलन ही त्याचीच भावंडं. त्यांतलं ‘संकलन’ सिनेमावाल्यांनी आणि पुस्तकवाल्यांनी उचललं. मराठी विश्वकोशात या विषयाची नोंद ‘अवकलन व समाकलन’ अशी आहे, आणि मला ती जोडी कानाला बरी वाटते.

आता पोरी, तुझ्या प्रश्नाकडे. आधी ‘चल’ बघ. मराठी पुस्तकात ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ असतात. तुझ्या कन्नड माध्यमातल्या मैत्रिणी त्याच चलाला ‘चराक्षर’ म्हणून शिकल्या. चल काय नि चर काय, अर्थ फिरणारा. (मी वर्गात ‘हा चल’ म्हटलं की मागून कोणीतरी ‘कुठं, सर?’ म्हणायचंच. तीस वर्षं तोच विनोद, आणि तीस वर्षं मी हसलो.) आपल्या जुन्या ‘चराचर’ शब्दात फिरणारं आणि न फिरणारं, दोन्ही शेजारी शेजारी बसलेली आहेत. पार्शल काढताना आपण एवढंच करतो: एक चर सोडून बाकीच्या चरांना तेवढ्यापुरतं अचर मानतो. कृती सांगायला यापेक्षा नेमका शब्द मला सापडलेला नाही.

पण तू कृती विचारलेली नाहीस. अंश कशाचा, हे विचारलंस. त्यासाठी शेतात जाऊ.

पूर्व-पश्चिम ४० मीटर आणि दक्षिण-उत्तर २५ मीटर असा एक तुकडा घे. क्षेत्रफळ १००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास दहा गुंठे. पूर्वेचा बांध एक मीटर सरकवलास, तर २५ मीटर लांबीची एक पट्टी आत येते, २५ चौरस मीटर. फक्त उत्तरेचा सरकवलास तर ४० चौरस मीटर. (शेजारी काय म्हणेल हा भाग आपण अचर धरू.) दोन्ही सरकवलेस तर एकूण वाढ साधारण २५ अधिक ४०, म्हणजे ६५. या एकूण वाढीतला २५ हा एक अंश आणि ४० हा दुसरा.

म्हणजे अंश आहे तो एकूण बदलाचा. इंग्रजीत त्या एकूण बदलाला टोटल डिफरेन्शियल म्हणतात आणि तुमच्या अभ्यासक्रमात ते याच प्रकरणात येतं. क्षमुळं झालेला बदल हा एक भाग, यमुळं झालेला दुसरा, आणि बेरीज म्हणजे टोटल. ‘पार्शल’ शोभतं ते त्या भागाला. तू म्हणतेस तो अवकलज म्हणजे त्या भागाचा दर, सरकवलेल्या मीटरमागे किती चौरस मीटर. दर पुराच असतो. त्याला ‘आंशिक’ हे विशेषण भागाकडून वारशानं आलं, आणि वारशानं आलेल्या गोष्टी नेहमी अंगाला बसतात असं नाही. तुझी शंका रास्त आहे, शब्दही चुकीचा नाही. दोघांची गाठ पडायची राहिली होती, इतकंच.

टिळकवाडीहून:

सर, हे मला माझ्या वेळी कुणी सांगितलं नाही. ‘एकांगी’ मागे घेतो.

अथणीहून:

शेताचं उदाहरण छान आहे, पण बांध हलवणं आमच्याकडं जिवावर येतं. मी पाऊस घेतो. जिल्ह्याच्या नकाशावर पावसाला दोन चलांचं फलन समजा: किती पूर्वेला आहात आणि किती उत्तरेला. घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला पाऊस मोजून संपत नाही. तिथून उत्तर-दक्षिण न हलता नुसतं पूर्वेला निघा. बेळगावपर्यंतच पाऊस भराभर उतरतो, आणि पुढं बैलहोंगल-सौंदत्तीकडं काळ्या रानात ज्वारी दिसायला लागते. हा पूर्वेकडचा आंशिक बदल, आणि तो ऋण आहे. उलट घाटाच्या कडेकडेनं उत्तरेला चाललात तर पाऊस लवकर हटत नाही, तिकडचा दर बराच लहान. एकाच जागी उभं राहून दोन दिशांना दोन वेगळी उत्तरं मिळतात, ही गोष्ट सूत्रातून मला कधीच पटली नव्हती. एसटीनं अथणी ते खानापूर केलं तेव्हा पटली.

आणि हे दोन दर जोडीनं लिहिले की ग्रेडियंट होतो ना? त्याला मराठीत काय म्हणायचं? ‘उतार’ म्हणावं तर मनात आधी जमिनीचा उतारा येतो.

खानापूरहून, निवृत्त शिक्षक:

ग्रेडियंटला मी ‘उतार’ म्हणणार नाही, आणि ते उताऱ्यामुळं नव्हे. ग्रेडियंटचा बाण सगळ्यात जास्त चढाच्या दिशेला असतो. जांबोटीच्या वाटेवर पावसात उभे राहा: पाणी ज्या दिशेनं पळतं, त्याच्या बरोबर उलट ग्रेडियंट. उतार म्हटलं की मुलं हमखास चिन्ह चुकवतात. ‘चढण’ म्हणा. तुमच्या पावसाच्या नकाशात ही चढण पश्चिमेला, घाटाकडे तोंड करून असेल.

येळ्ळूरहून:

सर, डोळ्यांसमोरचा पडदाच गेला. आमच्याकडं राजहंसगडावर जाताना गाडीरस्ता वळणं घेत चढतो आणि आम्ही लहानपणी सरळ पायवाटेनं चढायचो. म्हणजे धाप आमच्या वाट्याला आली ती ग्रेडियंटची!

आणखी एक बारीक शंका. ते वाकडं डी आमच्या वर्गात अर्धे ‘डो’ वाचतात आणि अर्धे ‘डाऊ’. बरोबर काय?

टिळकवाडीहून:

पेपरात ते लिहायचं असतं, वाचायचं नसतं, त्यामुळं दोन्ही चालतं. तोंडीला समोरचे सर जे म्हणतात ते म्हणायचं.

खानापूरहून, निवृत्त शिक्षक:

हे उत्तर शिकवणीला शोभतं. चिन्ह मात्र जुनं आहे. फ्रेंच गणिती लजांद्र यांनी १७८६ मध्ये ते या अर्थानं वापरलं, पण ते रुजलं नाही. १८४१ मध्ये जर्मन गणिती याकोबी यांनी पुन्हा उचलून धरलं तेव्हा कुठं टिकलं. ज्यांच्या नावाचा जेकोबियन तू महिनाभरात सोडवशील, तेच हे. सरळ डी एकूण बदलाला आणि वाकडा डी आंशिक बदलाला, ही वाटणी त्यामुळं डोळ्यांना दिसू लागली. तुझा प्रश्न शब्दावरून सुटला नाही तर चिन्हावरून सुटतो, तो असा.

निपाणीहून:

सगळं परदेशी दिसतंय. आपल्याकडचं काहीच न्हाई?

खानापूरहून, निवृत्त शिक्षक:

आहे की. भास्कराचार्यांनी ११५० मधल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहाची ‘तात्कालिकी गती’ मांडली आहे. दिवसभराची सरासरी चाल वेगळी आणि त्या क्षणाची चाल वेगळी, हा भेद त्यांनी ओळखला होता. अवकलजाला ‘तात्कालिक दर’ म्हटलं असतं तर निम्मा वर्ग गार पडला नसता, हे तुमचं म्हणणं मी तेवढ्यापुरतं मान्य करतो. पण ते एका चलाचं, कालाचं. अनेक चलांचं दुकान पुढं युरोपात मांडलं गेलं.

आणि हो, भास्कराचार्य आपल्या गावाचं नाव विज्जडविड सांगतात. कोणी म्हणतं ते विजापूर, कोणी म्हणतं चाळीसगावजवळचं पाटण. एक कर्नाटकात, एक महाराष्ट्रात. आपल्या मंडळींना हा वाद नवा नाही.

निपाणीहून:

हे बेस झालं! पण सर, मघापासून एक हिशोब टोचतोय. बांध दोन्ही सरकवले तर ४१ गुणिले २६, म्हणजे १०६६. तुम्ही वाढ ६५ सांगितली. एक चौरस मीटर कुणी खाल्ला?

खानापूरहून, निवृत्त शिक्षक:

शाबास! डिप्लोमावाल्यानंच पकडलं. म्हणून मी ‘साधारण’ म्हटलं होतं.

तो ईशान्येच्या कोपऱ्यातला तुकडा. पूर्वेचा बांध आधी सरकवा: २५ मिळाले. आता उत्तरेचा सरकवायला गेलात तर तो ४० नव्हे, ४१ मीटर लांब झालेला आहे. उलट क्रमानं करा: आधी ४०, मग २५ च्या ऐवजी २६. दोन्ही वाटांनी वाढ ६६. एका बांधाची कमाई दुसरा बांध हलवल्यामुळं मीटरमागे एकनं वाढली, आणि ही वाढ मोजणारा तो मिश्र आंशिक अवकलज. आधी क्ष मग य, किंवा आधी य मग क्ष, उत्तर तेच येतं; फलन नीट वागणारं असलं, म्हणजे हे मिश्र अवकलज सलग असले, की झालं. बांध वीतभरच सरकवला तर हा कोपरा पट्ट्यांपुढं नगण्य होतो, म्हणून टोटल डिफरेन्शियलमध्ये त्याला धरत नाहीत.

येळ्ळूरहून:

म्हणजे तो कोपरा एकट्या क्षचा नाही आणि एकट्या यचाही नाही.

खानापूरहून, निवृत्त शिक्षक:

नाही. मोजणीदारालाही तो दोन्ही बांधांवर उभं राहूनच मोजावा लागेल.

येळ्ळूरहून:

सोमवारी टेस्ट आहे. उत्तरात पार्शलच लिहीन, पण वहीच्या समासात शेत काढून ठेवलंय. मागच्या बाकावरच्या हुक्केरीच्या मैत्रिणीला दाखवलं. तिनं कोपऱ्यावर बोट ठेवून कन्नडमध्ये हेच विचारलं: हा तुकडा कुणाचा?