'डिफरंट स्ट्रोक्स'च्या पोरांना शाप-बिप काही नव्हता, पैसा खाल्ला मोठ्यांनी

खिडकीतली_मांजर: काल जेवताना 'डिफरंट स्ट्रोक्स'चे जुने तुकडे बघत होते तर घरात परत तेच, "या सिरीयलला शाप होता ना?" ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी, १९७८ ते ८६, न्यूयॉर्कचा श्रीमंत गोरा विधुर हार्लेममधल्या दोन अनाथ काळ्या भावांना घरी आणतो, त्याची स्वतःची मुलगी असतेच. धाकटा आर्नोल्ड म्हणजे गॅरी कोलमन, मोठा विलिस म्हणजे टॉड ब्रिजेस, मुलगी डेना प्लेटो. डेना १९९९ ला ओव्हरडोसने गेली, वय ३४. गॅरी २०१० ला, ४२ चा. टॉड ड्रग्ज आणि कोर्टकचेऱ्यांत. पण शाप कसला? गॅरी खऱ्या आयुष्यातही दत्तकच, आणि १९८९ मध्ये त्याने त्याच आईबापावर नि पैसे सांभाळणाऱ्या माणसावर केस टाकली, ९३ ला जिंकला, पावणेतेरा लाख डॉलरच्या वर मिळाले. तरी ९९ ला दिवाळखोरी!

पुणेरी_खवट: सगळं आईबापावर ढकललं की झालं. टॉड त्याच सेटवरचा ना? कोकेन झालं, खुनाच्या प्रयत्नाचा खटला झाला, त्यातून सुटला, मग व्यसन सोडलं आणि 'एव्हरीबडी हेट्स ख्रिस' या सिरीयलमध्ये परत काम केलं. डेनाने १९९१ ला लास व्हेगासमध्ये छऱ्याची बंदूक दाखवून व्हिडिओचं दुकान लुटलं, जामीन कोणी भरला तर गायक वेन न्यूटनने. एवढी संधी मिळून पुढच्याच वर्षी व्हॅलियम या गुंगीच्या गोळ्यांसाठी डॉक्टरची खोटी चिठ्ठी केली म्हणून परत अटक. हेपण आईबापाने केलं का?

ठाणे_स्लो: खवटराव, गॅरीची किडनी लहानपणापासून खराब, उंची ४ फूट ८ इंचावर थांबली आणि सिरीयलचा अर्धा विनोद त्या उंचीवरच चालायचा. दोनदा ट्रान्सप्लांट, त्यातलं दुसरं १९८४ चं, म्हणजे सिरीयल चालू असतानाच. मिसरूड फुटायच्या वयात पोरगा अजून गाल फुगवून "व्हॉचू टॉकिन बाऊट, विलिस?" (काय बोलतोयस काय, विलिस?) हे आर्नोल्डचं ठरलेलं वाक्य म्हणतोय आणि लोक हसतायत, मला तर आता ते बघवत नाही.

पुणेरी_खवट: म्हणून १९९८ मध्ये ऑटोग्राफ मागणाऱ्या बाईला गुद्दा मारायचा?

ठाणे_स्लो: मारायचा नाहीच. पण तो तेव्हा सिक्युरिटी गार्डची नोकरी करत होता आणि त्याच कामासाठी बुलेटप्रूफ जॅकेट घ्यायला दुकानात गेला होता, तिथे तुम्ही त्याला आर्नोल्ड म्हणून धरणार.

खिडकीतली_मांजर: मुद्दा पैशाचाच आहे हो. चॅप्लिनच्या 'द किड'मधला जॅकी कूगन मोठा झाला तेव्हा कळलं की कमाई आई नि सावत्र बापाने उडवली, त्यावरून कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईसाठी १९३९ चा कायदा आला. पण त्यात एवढ्या पळवाटा, की पोराची कमाई पोराचीच हे २००० साली कुठे पक्कं झालं, १५ टक्के बाजूला ठेवायचे, हात लावायचा नाही. या तिघांना त्याचा काय उपयोग, लेकरं कधीच मोठी झाली होती. आणि गंमत म्हणजे १९८३ ला नॅन्सी रीगन, तेव्हाच्या अमेरिकन राष्ट्राध्यक्षांची बायको, स्वतः या सिरीयलच्या एका भागात येऊन मुलांना ड्रग्जपासून लांब राहा सांगून गेल्या होत्या!

पुणेरी_खवट: कायद्याचं मान्य. पण मग रॉन हॉवर्ड? तोही लहानपणापासून टीव्हीवर, आज बडा दिग्दर्शक.

खिडकीतली_मांजर: त्याचे आईवडील दोघंही नट, धंदा आतून माहीत होता. सगळ्यांच्या घरी असं कुठे असतं.

भाचीची_आत्या: आमची भाची एका मराठी सिरीयलमध्ये होती म्हणून सांगते, आपल्याकडे २०१७ च्या नियमात दिवसाला पाच तासच काम आणि कमाईतले निदान २० टक्के मुलाच्या नावावर बँकेत एफडी. पाच तास कागदावर, ती मेकअप करून बसल्या बसल्या पेंगायची. एफडी मात्र केलीय म्हणतात.

खिडकीतली_मांजर: ताई, म्हणतात काय, पावती बघितलीत का? कोणाच्या नावावर आहे ते वाचून घ्या एकदा.