थांबायचा सराव (तुमच्या तयारीचे अनुभव लिहा)

कालव्याकाठचा

काल पहाटे स्टँडकडे निघालो होतो, बायपासला दहा-बारा पोरंपोरी पळताना दिसली. एकीच्या पाठीवर सॅक, एका बाजूला लोंबलेली. बघताक्षणी ओळखलं, आत गोळा आहे. पुस्तकांनी सॅक अशी लोंबत नाही.

पोलीस भरती. आता मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर असतं, आमच्या वेळी, २००८ ला, ५ किलोमीटर होतं. गोळा तोच, ७.२६० किलोचा. आम्ही चौघं कालव्याच्या भरावावर पळायचो आणि ओढ्यातला एक धोंडा फेकायचो. गावात एक फौजेतून रिटायर झालेले हवालदार मामा होते. ते दोन महिने नुसतं बघत होते. एक दिवस जवळ बोलावून विचारलं, "पळायला किती लागतंय रे?" म्हटलं वीस मिनिटं. "आन् थांबायला? तिथं सहा-सहा तास बसवत्यात. बसायचा सराव केलाय का?"

झालं. दर रविवारी रात्री अडीचला उठून शाळेच्या पटांगणात जायचं. छातीवर वहीचा कागद, त्यावर नंबर, चार टाचण्या. रांगेत मातीवर बसायचं. चादर नाही, चहा नाही, गप्पा नाहीत. पौषातली थंडी, बूड गार पडायचं. मामा कधी सातला उठवायचे कधी नवाला, आणि उठवलं की लगेच पळ. अंग गरम करायला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. एकदा तर अकरापर्यंत बसवलं आणि म्हणाले, "जावा घरी, आजची भरती रद्द." आमच्यातला एक जण तिथंच रडला.

खऱ्या भरतीला पहाटे तीनपासून रांगेत होतो, नंबर लागला साडेनऊला. शेजारची पोरं सारखी उठून उड्या मारत होती, दर दहा मिनिटांनी नंबर कितीवर आला विचारत होती. एकाने वडापाव खाल्ला आणि पहिल्याच फेरीत ओकला. मी तोवर गुडघ्यात डोकं घालून चक्क डुलकी काढली होती. पोटात गोळा आलाच, तो कुणाला चुकलाय? पण पाय ओळखीच्या रस्त्यावर असल्यासारखे पडत होते.

पोलीस झालो नाही. २ गुणांनी मेरिट हुकलं. आता मास्तर आहे. निवडणूक ड्युटीच्या प्रशिक्षणात यंत्र तीनदा जोडतो आणि तीनदा सोडवतो. सहकारी हसतात, हसू देत.

तुमचं असं काही असेल तर लिहा. परीक्षा, स्टेज, ऑपरेशन, काहीही.

ठाणेकर काकू

आमचा धाकटा गोविंदा पथकात आहे, खालून दुसऱ्या थरात. गुरुपौर्णिमेला सराव सुरू होतो तो थेट गोकुळाष्टमीपर्यंत. रोज रात्री साडेनऊ ते बारा. मला वाटायचं चढायचा सराव करतात. एकदा बघायला गेले तर पोरं नुसती उतरत होती. चढली की उतरव, परत चढव, परत उतरव. त्यांचा दादा म्हणाला, "काकू, थर लावणं काही नाही, सुखरूप उतरवणं अवघड." तेव्हापासून थोडी झोप लागते मला. थोडीच. खांद्यांवर बघवत नाही, चामडं सोलल्यासारखं होतं. खोबरेल लावून देते, काय करणार. कुकर झालाय, येते.

बे दुणे चार

सीएचे सगळे इथे जमतीलच, मी सुरुवात करतो.

फायनलला तीनदा आपटलो. नियम माहीत असेल, प्रत्येक पेपरला ४० आणि ग्रुपला मिळून ५० टक्के. एकदा एकूण बसलं, पण एका पेपरला ३९. ती गुणपत्रिका आईने देवघरात ठेवली होती, का ते अजून कळलेलं नाही.

चौथ्या वेळेला अभ्यास वाढवला नाही, वेळ बदलली. आमचा पेपर दुपारी २ ते ५. आणि मी तीन वर्षं अभ्यास करत होतो रात्री दहा ते तीन! दुपारी दोनला जेवून डोळे मिटायची सवय. मग तीन महिने रोज बरोबर दोनला पेपर लावायचा, तीन तास, उठायचं नाही, पाणी टेबलावर. घरी पंखा बंद, कारण सेंटरवर माझ्या डोक्यावरचा पंखा कधीच चालू नसतो (हे नशीब, नियम नव्हे). भाद्रपदात शेजारच्या मंडळाचा स्पीकर लागला तेव्हा बाबा खिडकी लावायला आले, मी म्हटलं उघडीच राहू दे.

खऱ्या पेपरला पंखा चालू होता. इतकं विचित्र वाटलं की पहिली दहा मिनिटं तिकडेच लक्ष.

वाटाणा

@कालव्याकाठचा दादा, गोळा कुठे मिळतो? भाचीला हवाय, मुलींचा ४ किलोचा. इकडे दुकानात "प्लास्टिकचा देऊ का" म्हणाला.

डेक्कन क्वीन

प्लास्टिकचा!! 😂😂

स्टंपवरचा रुपया

१९९८, ऑस्ट्रेलिया भारतात. वॉर्न लेग स्टंपच्या बाहेर रफमध्ये टाकणार हे ओळखून सचिनने चेन्नईत लेगच्या बाहेरची खेळपट्टी मुद्दाम उकरून घेतली आणि लक्ष्मण शिवरामकृष्णनला तिथे टप्पे टाकायला लावले. रोज तेच. आणि मग चेपॉकला नाबाद १५५. याला म्हणतात तयारी.

डेक्कन क्वीन

आला, सचिन आला. मला वाटलं पंधराव्या प्रतिसादात येईल.

बे दुणे चार

पण अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच कसोटीत पहिल्या डावात वॉर्ननेच त्याला ४ वर काढला होता. १५५ दुसऱ्या डावातले. माझ्यासारख्या चौथ्या अटेम्प्टवाल्याला त्या ४ धावा जास्त जवळच्या वाटतात.

स्टंपवरचा रुपया

मान्य. ते ४ मी मुद्दाम गाळले होते 🙏

रात्रपाळी

ड्युटीवर आहे, जमेल तसं लिहिते.

अतिदक्षता विभागात नवीन होते तेव्हा आमच्या सिस्टर इन्चार्ज दर सोमवारी इमर्जन्सी ट्रॉलीसमोर उभं करायच्या आणि डोळे मिटायला सांगायच्या. "अॅड्रेनलिन?" हात घालायचा, वरचा खण, डावीकडे. "लॅरिंगोस्कोप?" दुसरा खण. चुकलं तर सगळे खण परत पहिल्यापासून. आम्ही मागून खूप नावं ठेवायचो त्यांना. दर महिन्याला पुतळ्यावर छाती दाबायचा सराव, ३० दाब आणि २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० चा वेग. त्या शेजारी उभ्या राहून मोजायच्या आणि मध्येच मुद्दाम काहीतरी विचारायच्या, "जेवलीस का?" गडबडलं की पुन्हा.

पहिला खरा पेशंट रात्री पावणेतीनला. माझा आवाज मलाच परका वाटत होता, इतका शांत. हात आपोआप त्या त्या खणात जात होते. आजोबा परत आले. सगळं झाल्यावर मावशींनी चहा आणून दिला तर मला कप धरता येईना. निम्मा चहा बशीत, निम्मा गणवेशावर. भीती कुठे गेली नव्हती तर, बाहेर थांबली होती माझी ड्युटी संपायची वाट बघत.

बेल वाजली.

ठाणेकर काकू

रात्रपाळी, बाळा, जेवलीस का? (हे खरंच विचारतेय हो.)

गोठ्यातला वक्ता

मी तोतरा. 'प' आणि 'क' वर अडकायचो. माझं आडनाव 'क' वरून, म्हणजे हजेरीलाच पंचाईत. आठवीत ठरवलं, रोज पहाटे धार काढायच्या वेळी पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचायचा. माणसांसमोर धीर नव्हता, म्हणून म्हशीसमोर. तीन वर्षं. अडलं की ओढायचं नाही, थांबायचं, श्वास सोडायचा, शब्द हलका धरायचा. हे मला कुणी शिकवलं नाही, पुढे वाचा-उपचारवाल्या मॅडमनी जवळपास हेच सांगितलं तेव्हा हसू आलं.

अकरावीत वक्तृत्व स्पर्धेत उभा राहिलो. सात मिनिटांत चार वेळा अडकलो. नंबर वगैरे काही नाही. पण खाली बसलो नाही, पूर्ण बोललो. आजही फोनवर नाव सांगताना अडकतोच, फक्त आता समोरच्याला थांबायला लावतो.

वाटाणा

म्हशीचा अभिप्राय काय होता?

गोठ्यातला वक्ता

संपूर्ण अग्रलेख चघळायची. त्या काळात तिच्याइतकं एकाग्र वाचन कुणाचं नव्हतं.

खुर्ची क्रमांक ४२

मी वेगळं लिहिते, राग मानू नका.

पाच वर्षं सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत ४२ नंबरच्या खुर्चीवर बसले. राज्यसेवा. सकाळी सात ते रात्री दहा. फोन बंद, लग्नं बंद, दिवाळीला दीड दिवस घरी. वेळापत्रक बघितलंत तर हवालदार मामासुद्धा सलाम करतील. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेले, नंतर पॅटर्न वस्तुनिष्ठचा वर्णनात्मक होणार म्हणून सगळं नव्याने. शेवटच्या वर्षी मेसच्या काकूंनी "भाजी कोणती वाढू" विचारलं तर मला ठरवता येईना, डोळ्यांत पाणी आलं. दोन भाज्या होत्या फक्त.

शिस्तीने आत्मविश्वास येतो हे मी पण खूप ऐकलंय. माझा शिस्तीनेच गेला. रोज वेळापत्रक पाळायचं आणि रोज रात्री वाटायचं, कमीच पडतंय. कुणी "बस कर" म्हणणारं नव्हतं.

आता एका पतसंस्थेत आहे. बरी आहे. भाजी स्वतःच करते.

रात्रपाळी

४२, मिठी. 🫂

कालव्याकाठचा

ताई, राग कसला. खरं सांगू का, आमच्या चौघांतला एकच पोलीस झाला. रडला होता तोच. एक जण नंतर दोन वर्षं घराबाहेर पडला नाही. वर ते लिहिलं नाही मी, लिहायला हवं होतं. मामांचा एक नियम मात्र होता, शनिवारी पळायचं नाही. कुणी चोरून पळालं तर रविवारी त्याला लिंबाखाली बसवायचे आणि बाकीच्यांना त्याच्यासमोर पळवायचे. तेव्हा ती शिक्षा वाटायची.

घाटपळ्या

वा, शनिवारचा नियम आवडला. मी चाळिशीत सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळालो. २१ किलोमीटर, निम्मं यवतेश्वरचा घाट चढत कासच्या बाजूला आणि मग त्याच रस्त्याने खाली. सगळे चढाची तयारी करतात. मीही केली, सोसायटीचे जिने, पर्वती, सगळं. चढ मजेत गेला. उतारावर मांड्यांनी संप पुकारला, आणि बुटात पायाचा अंगठा पुढे आपटून आपटून दोन नखं काळी. एक लोणावळ्यापर्यंत टिकलं, गाडीत मोज्यात सापडलं.

दुसऱ्या वर्षी फक्त उताराचा सराव केला, छोटी पावलं, आणि बूट अर्धा नंबर मोठे. काकूंच्या पथकातले दादा बरोबर बोलले.

डेक्कन क्वीन

जेवताना वाचत होते. नखाचा तपशील गरजेचा होता का?

घाटपळ्या

होता. ते नख अजून जपून ठेवलंय.

साखरझोप

मी कशाचीही तयारी करत नाही आणि आत्मविश्वास भरपूर आहे. असे आम्ही पण असतो.

बे दुणे चार

तुमच्यासारख्यांनीच माझ्या शेजारी बसून पुरवण्या मागितल्या आहेत.

कालव्याकाठचा

@वाटाणा, गोळ्याचं राहिलंच. तालुक्याला स्पोर्ट्सचं दुकान असेल तर लोखंडी मागा. आणि छापलेल्या वजनावर जाऊ नका, किराणा दुकानात काट्यावर टाका. आमचा पहिला सात किलो म्हणून आणला, निघाला साडेसहाचा. सहा महिने आम्ही स्वतःला पहिलवान समजत होतो.

आणि तिला पहाटे दवात हात ओले करून फेकायला सांगा. ओल्या हातातून निसटतो, ते मैदानात पहिल्यांदा कळायला नको. बोटांच्या बुडाशी धरायचा, तळहातात नाही, मानेला टेकवून.

वाटाणा

मिळाला!! काट्यावर ४ किलो १५० भरला. दुकानदार म्हणतो जास्तीच्या दीडशे ग्रॅमचे पैसे लावत नाही. चालेल का?

कालव्याकाठचा

पळेल. सरावाला जड बरा. फक्त महिनाभर आधी बरोबर ४ चा मिळवून त्यावर हात बसवा, नाहीतर हलका लागून अंदाज चुकतो. आणि सॅक जुनी घ्या, तळ फाटतो.

वाटाणा

फाटला. आजच. रिक्षात.