गारगोटीवर पोलाद झाडलं तरी ठिणगी का पडत नाही?

प्रश्न: नदीतला गोल पांढरा गोटा आणि स्टेनलेसच्या सुरीची पाठ. कितीही झाडा, ठिणगी नाही. दगड चुकलाय का? आपल्याकडे खरा फ्लिंट, म्हणजे चकमकीचा दगड, मिळतो का? लायटरमधला खडा तोच का?

प्रतिसाद १: आधी सुरी बदला. ठिणगी पोलादाची असते, दगडाची नव्हे. दगडाची कड पोलादाचा बारीक कीस खरवडते आणि तो हवेत पेटतो. स्टेनलेसमधलं क्रोमियम त्याला पेटू देत नाही. साध्या सळईत कार्बन कमी पडतो. जुनी कानस उत्तम. एका कडेचे दाते घासून काढा, पण घासताना पाण्यात बुडवत राहा. तापून निळी पडली की कडकपणा गेला.

गोट्यालाही धार हवी, म्हणून तो फोडा. धारेच्या वर, अगदी काठाशी जळका कपडा अंगठ्याने दाबून धरा आणि कानस वरून खाली तिरपी ओढा. ती खरवडत गेली पाहिजे, आदळली तर नुसती कड तुटते.

जळका कपडा घरीच करता येतो. त्यासाठी शंभर टक्के सुती घ्या, पॉलिस्टर वितळतं. तो झाकणाला खिळ्याचं भोक पाडलेल्या पत्र्याच्या डबीत घालून निखाऱ्यावर ठेवा. धूर थांबला की उतरवून भोक बुजवा. गरम डबी उघडलीत तर आत राखच मिळेल. कपडा तपकिरी राहिला तर तो ठिणगी धरत नाही, काळाच हवा.

प्रतिसाद २: खरा फ्लिंट खडूच्या खडकात गाठींच्या रूपात सापडतो. इंग्लंडात ग्राइम्स ग्रेव्ह्ज या ठिकाणी इ.स.पू. २६०० च्या सुमारास लोकांनी त्यासाठी दहा-बारा मीटर खोल विहिरी खणल्या. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत कॅल्सेडनी, अकीक, जास्पर मिळतात. फ्लिंटसारखी तीही सिलिकाच (वाळूत असतं ते खनिज), मोह्सच्या १ ते १० मापावर कठीणपणा ७ च्या आसपास. घोड नदीकाठच्या इनामगावात ताम्रपाषाण काळातले लोक कॅल्सेडनीचीच पाती काढत.

पांढरी गारगोटी वेडीवाकडी फुटते. मेणासारखी चमक आणि पातळ कडेतून उजेड दिसणारा दगड निवडा. तो शिंपल्यासारख्या वळणांनी फुटतो. घाव काठाजवळ घाला, तिथला कोन ९० अंशांपेक्षा कमी असू द्या. घाव कच्चा पडला की छिलका मध्येच तुटून पायरी राहते आणि पुढचा छिलका तिथेच अडतो.

प्रतिसाद ३: लायटरचा खडा दगड नाहीच. तो सेरियम आणि लोखंडाचा मिश्रधातू आहे, १९०३ मध्ये ऑस्ट्रियाच्या ऑअर फॉन वेल्सबाख यांनी काढलेला. तिथे सगळं उलटं: चाक कठीण, खडा मऊ, जळतो तो खड्याचा कीस.

दगड मात्र अजून कामात आहे. प्रयोगशाळेत अकिकाचा खल वापरतात, कारण तो फारसा झिजत नाही आणि नमुन्यात भेसळ होत नाही.

फोडताना चष्मा लावा आणि उघड्यावर बसा. सिलिकाची धूळ फुफ्फुसात कायमची राहते. गुजरातमधल्या खंभातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांना त्यानेच सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार झाला. साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क हवाच.