मदत हवी आहे: शाकाहारी एगुसी आणि गुठळ्या न होणारा एबा

नमस्कार मंडळी. नायजेरियात लेगॉसला येऊन चार महिने झाले. शेजारच्या योरुबा समाजातल्या मावशी एगुसीचा रस्सा शिकवताहेत. एगुसी म्हणजे कलिंगडाच्या जातीतल्या फळाच्या बिया, आपल्या मगजासारख्या. त्या कुटून लाल पामतेलात, मिरची-टोमॅटोच्या वाटणात पालेभाजीसोबत शिजवतात. अडचण अशी, की त्यात सुक्या कोळंबीची पूड पडतेच (वास थेट आपल्या सुकटीचा!) आणि सासूबाई शुद्ध शाकाहारी. मावशी म्हणतात, नुसतं इरू घाल. इरू म्हणजे लोकस्ट बीन या शेंगेच्या आंबवलेल्या बिया; उत्तरेकडे त्यांना दावादावा म्हणतात. पण वास इतका उग्र, की हात आखडतो. चार माणसांच्या रश्श्याला किती घालू? आधी परतायचं की शेवटी?

दुसरं, एबा, म्हणजे गारीचा उकडीसारखा घोटलेला गोळा. गारी म्हणजे कसावा किसून, आंबवून, पिळून, भाजलेला रवा. साबुदाणाही याच कंदाचा, म्हणून वाटलं सहज जमेल. कसलं काय! उकळत्या पाण्यात गारी भुरभुरवून, झाकून, मग घोटते, तरी आत कोरड्या गुठळ्या राहतात. उकडीला असं कधी होत नाही माझ्या. पाणी कमी पडतंय, की घाई होतेय?

पुढच्या महिन्यात सासूबाई येताहेत. नायजेरिया-घानात राहिलेल्यांनी कृपया सांगा. आणि पुण्यात गारी कुठे मिळते का?