जुने फ्रेंच गुन्हेगारीपट: सुरुवात कुठून? आणि सबटायटल मागे का पडतात?

प्रश्न (प्रतापनगर, नागपूर): अमेरिकन न्वार (जुने अंधारे गुन्हेगारीपट) बरेच पाहून झाले, आता फ्रेंच सुरू करायचे आहेत. घरी प्रोजेक्टरवर सात-आठ जण बसू. पहिला कोणता लावावा? दुसरं म्हणजे, 'रिफिफी'ची युरोपातली डीव्हीडी आहे, तिच्यात इंग्रजी सबटायटल नाहीत म्हणून वेगळी फाइल जोडली. सुरुवातीला जुळते, तासाभरात दोन-अडीच मिनिटं मागे पडून राहिली. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये सरकवली तरी थोड्या वेळाने पुन्हा तेच.

उत्तर १: सरकवून हे सुटणार नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल तर जी आणि एच या बटणांनी काम होतं. तुमचा फरक वाढत जातोय, म्हणजे वेगच वेगळा. युरोपातली डीव्हीडी सेकंदाला २५ फ्रेमनी चालते, त्यामुळे ११८ मिनिटांचा सिनेमा साधारण ११३ मिनिटांत संपतो. सबटायटल मात्र सेकंदाला २३.९७६ फ्रेमसाठी बनलेत. 'सबटायटल एडिट' या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा, सिंक्रोनायझेशनमध्ये फ्रेम रेट बदला: २३.९७६ वरून २५. मग पहिला आणि शेवटचा संवाद तपासा. दोन्हीकडे सारखाच फरक उरला तरच जी-एच वापरा. सेव्ह करताना यूटीएफ-८ हे एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) निवडा, नाहीतर फ्रेंच नावांतली अक्षरं फुटतात.

उत्तर २: पहिला 'रिफिफी'च लावा (१९५५, दिग्दर्शक ज्यूल्स डॅसिन). मधली जवळजवळ अर्ध्या तासाची चोरी संवाद आणि पार्श्वसंगीताशिवाय आहे. वरच्या घराची जमीन फोडताना पडणारा चुना छत्रीत कसा झेलतात ते बघा! सगळा ताण त्या बारीक आवाजांत आहे. मग जाक बेकरचे दोन: 'तुशे पा ओ ग्रिझ्बी' (१९५४), त्यात ज्याँ गाबँचा थकलेला, वय झालेला गुंड, आणि तुरुंगातून पळण्याचा 'ल त्रू' (१९६०). त्यात काँक्रीट फोडण्याचा शॉट कट न करता इतका लांब चालतो की पाहणाऱ्याचे हात दुखावेत. दिग्दर्शक मेलव्हिलचे सिनेमे त्यानंतर. 'ल सामुराई' (१९६७) पहिलाच लावू नका, सुरुवातीची दहाएक मिनिटं कोणी बोलत नाही आणि नवखी मंडळी चुळबुळ करतात. 'ल सर्क्ल रूज' (१९७०) सगळ्यात शेवटी, कारण त्यातली चोरी 'रिफिफी' पाहिलेल्याला दुप्पट भावते.

उत्तर ३: एक राहिलं. उन्हाळ्यात डेझर्ट कूलर चालू ठेवून 'रिफिफी' लावू नका राजेहो, तो अर्धा तास पूर्ण वाया जातो. खोली आधी गार करून घ्या आणि चोरी सुरू झाली की कूलर बंद. 'रिफिफी' आणि 'ग्रिझ्बी' लावताना प्रोजेक्टरवर चित्र ४:३ ठेवा. पडदाभर ताणलं की गाबँचा चेहरा पसरट दिसतो. प्रोजेक्टरचा 'व्हिव्हिड' (रंग भडक करणारा) मोडही काढा, 'ल सामुराई'चा राखाडी-निळा रंग त्यात पार मरतो.